व्हेसुव्हियसचा शेजारी

१९ ऑक्टोबर १७६७ ची दुपार. नेपल्सजवळच्या व्हेसुव्हियस पर्वताच्या उतारावर एक इंग्रज गृहस्थ एका स्थानिक शेतकऱ्याला वाटाड्या म्हणून सोबत घेऊन उभा होता. त्या सकाळी पर्वतातून लाव्हा वाहू लागला होता आणि तो जवळून पाहावा, एवढ्याच हेतूने हे दोघे वर आले होते. माध्यान्हीच्या सुमारास पर्वताच्या पोटात भयंकर गडगडाट झाला. ते उभे होते तेथून जेमतेम पाव मैलावर डोंगर दुभंगला, त्या भेगेतून द्रवरूप अग्नीचे कारंजे उसळले आणि तो लोंढा थेट त्यांच्या दिशेने येऊ लागला. पाठोपाठ दगडांचा वर्षाव, गंधकाचा गुदमरवणारा वास आणि भरदुपारी दाटलेला काळोख. वाटाड्याने क्षणाचाही विलंब न लावता पळ काढला आणि इंग्रज गृहस्थ त्याच्या मागोमाग धावत सुटला. पायाखालची जमीन हादरत होती. ती आणखी कोठे फाटली तर परतीची वाटच बंद होईल, ही धास्ती मनात होती. सुमारे तीन मैल दोघेही न थांबता धावले.

पायथ्याशी पोर्तिचीजवळ या गृहस्थाचा बंगला होता. तेथील दारे-खिडक्या हादऱ्यांनी थडथडत होत्या आणि घरातली माणसे भेदरून गेली होती. त्याने सर्वांना नेपल्स शहरात हलवले. पुढे काही दिवसांनी, पर्वत शांत झाल्यावर, त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला सविस्तर पत्र लिहिले. भेग कोठे पडली, लाव्हा कोणत्या वाटेने गेला, धुराचा स्तंभ किती उंच चढला, हे सारे त्यात होते. आपण जीव मुठीत धरून पळालो, हेही त्याने लपवले नाही.

हा गृहस्थ म्हणजे ब्रिटनचा नेपल्स दरबारातील राजदूत विल्यम हॅमिल्टन. जगाला तो ठाऊक आहे तो मात्र निराळ्याच कारणाने. लेडी हॅमिल्टन या नावाने गाजलेल्या एमाचा वयस्क पती आणि अॅडमिरल नेल्सनच्या प्रेमप्रकरणातील तिसरा कोन, एवढीच त्याची ओळख उरली. १९४१ साली व्हिव्हियन ली आणि लॉरेन्स ऑलिव्हिए यांचा 'दॅट हॅमिल्टन वुमन' हा चित्रपट आला आणि ती ओळख आणखी घट्ट झाली. वास्तविक ज्वालामुखीशास्त्राला शास्त्राचे रूप येण्यापूर्वी, एका पर्वताकडे तीन दशकांहून अधिक काळ सातत्याने पाहणारा आणि पाहिलेले चित्रकाराकडून जसेच्या तसे उतरवून घेणारा हा माणूस होता.

हॅमिल्टनचा जन्म १७३० च्या अखेरचा. वडील लॉर्ड आर्चिबाल्ड हॅमिल्टन हे जमैकाचे माजी गव्हर्नर होते. घराण्याची राजवाड्यात ऊठबस होती आणि पुढे तिसरा जॉर्ज म्हणून गादीवर आलेल्या राजपुत्राशी विल्यमची बालपणापासून जवळीक होती. घराणे मोठे असले तरी धाकट्या मुलाच्या वाट्याला संपत्ती फारशी येत नसे. काही वर्षे त्याने सैन्यात काढली आणि १७५८ मध्ये वेल्समधील जमीनदार घराण्याची वारसदार कॅथरीन बार्लो हिच्याशी विवाह केला. पैशाची विवंचना मिटली. थोडा काळ तो पार्लमेंटचा सदस्यही होता. कॅथरीनची प्रकृती नाजूक होती आणि दक्षिणेची ऊबदार हवा तिला मानवेल, असा विचार झाला. १७६४ साली नेपल्सची जागा रिकामी होताच हॅमिल्टनने ती मागून घेतली.

नेपल्सचा राजा फर्डिनंड तेव्हा अवघा १३ वर्षांचा होता. कारभार मंत्री पाहत असत आणि ब्रिटनच्या दृष्टीने त्या दरबाराला फारसे महत्त्व नव्हते. राजदूताच्या हाती वेळ भरपूर होता. कॅथरीन उत्तम वादक होती. १७७० मध्ये १४ वर्षांचा मोझार्ट वडिलांसह त्यांच्याकडे आला, तेव्हा त्याच्यासमोर वाजवताना तिचे हात कापत होते. प्राचीन वस्तूंचा संग्रह हा हॅमिल्टनचा पहिला छंद. त्याने जमवलेली प्राचीन ग्रीक चित्रांकित भांडी ब्रिटिश म्युझियमने १७७२ मध्ये ८,४०० पौंडांना घेतली. त्या भांड्यांच्या नमुन्यांवरून इंग्लंडमध्ये वेजवुडच्या कारखान्यात नवी भांडी घडू लागली. हा छंद त्या काळच्या अनेक उमरावांना होता. व्हेसुव्हियसचे तसे नव्हते.

ज्वालामुखी पाहायला येणारे प्रवासी त्या काळीही कमी नव्हते. ते एकदा वर जात, थरारून परत येत आणि घरी पत्रे लिहीत. विद्वान मंडळी तर बहुधा वर जातच नसत. शिखराजवळ गंधक किंवा कोळशासारखे काहीतरी पेटते आणि डोंगर धुमसतो, असा त्यांचा सर्वसाधारण समज होता. हॅमिल्टनने या दोन्ही वाटा टाळल्या. पर्वत शांत असतानाही तो वर जात असे, कारण उद्रेकापूर्वी काय काय बदलते हे त्याला हवे होते. मुखाशी जमलेले क्षार, निरनिराळ्या उद्रेकांतील दगड, राखेचे नमुने तो पेट्या भरभरून लंडनला पाठवी. मार्च १७६६ च्या उद्रेकात त्याने रात्र पर्वतावर काढली. त्याच वर्षी रॉयल सोसायटीने त्याला सदस्य करून घेतले. पुढे पुढे पर्वतावरील त्याच्या फेऱ्यांची संख्या पन्नासच्या वर गेली.

१७६७ च्या त्या उद्रेकाने नेपल्स शहरही हादरले. शहरावर राख पडू लागली तसा जमाव रस्त्यावर आला आणि नगराचा रक्षणकर्ता संत जेनारो याचा पवित्र अवशेष बाहेर काढावा, असा आग्रह त्याने धरला. आर्चबिशपच्या वाड्याच्या दरवाजाला आग लावण्यापर्यंत मजल गेली. अखेर मिरवणूक निघाली, पर्वताच्या बाजूला असलेल्या पुलापर्यंत अवशेष नेण्यात आला आणि गर्जना थांबली. हॅमिल्टनने हा प्रसंगही लंडनला कळवला तो किंचित मिश्कीलपणे. प्रॉटेस्टंट इंग्रज उमरावाला ती गंमत वाटली असेल, पण पायथ्याच्या गावकऱ्यांची घरे आणि द्राक्षमळे तेथेच होते आणि त्यांना निघून जाण्यासाठी दुसरे घर नव्हते. हॅमिल्टनच्या लेखनात शेतीच्या नुकसानीच्या नोंदी जागोजागी आहेत. तथापि तो पाहणारा होता, सोसणारा नव्हे, हे विसरता येत नाही.

एक अडचण मात्र त्याला पहिल्यापासून जाणवत होती. लंडनच्या सभागृहात बसून त्याची पत्रे ऐकणाऱ्यांनी ज्वालामुखी कधी पाहिलेलाच नव्हता. लाव्हा नदीसारखा वाहतो म्हटले की त्यांच्या डोळ्यांसमोर थेम्स येणार. थरांवर थर चढलेला कडा, मुखाच्या आत उगवलेली टेकडी, थिजून दोरखंडासारखा पीळ पडलेला लाव्हा हे सारे शब्दांत सांगायचे तर प्रत्येक श्रोता आपापले निराळेच चित्र रंगवणार. चित्रांची तशी वाण नव्हती. व्हेसुव्हियसचे उद्रेक रंगवणे हा नेपल्समध्ये धंदाच झाला होता. फ्रेंच चित्रकार व्होलेर याने तेथे मुक्काम ठोकून रात्रीच्या उद्रेकांची भव्य चित्रे प्रवाशांना विकली. इंग्रज चित्रकार जोसेफ राइट १७७४ मध्ये येऊन गेला आणि नंतर त्याने मायदेशी बसून व्हेसुव्हियसची तीसच्या आसपास चित्रे केली. एका बाजूला लालभडक ज्वाळा, दुसऱ्या बाजूला रुपेरी चंद्र आणि मध्ये काळेभोर पाणी, असा तो थाट. चित्रे देखणी होती, परंतु त्यांवरून पर्वताचा उतार मोजता आला नसता.

हॅमिल्टनने पिएत्रो फाब्रिस या नेपल्समध्ये राहणाऱ्या चित्रकाराला हाताशी धरले. फाब्रिसच्या आयुष्याविषयी फारशी माहिती उपलब्ध नाही. तो स्वतःला इंग्रज चित्रकार म्हणवीत असे आणि बाजारहाट, कोळी, नाचगाणी अशी नेपल्सच्या जनजीवनाची दृश्ये रंगवण्यात त्याचा हातखंडा होता. हॅमिल्टनने त्याला पर्वतावर नेले, खडकांसमोर बसवले आणि स्वतः शेजारी उभे राहून चित्रे करवून घेतली. १७६९ च्या जून महिन्यात सिसिलीतील एटना पर्वताची चढाई झाली, तेव्हाही फाब्रिस सोबत होता. त्या प्रवासाच्या वृत्तांताबद्दल हॅमिल्टनला १७७० चे कोप्ले पदक मिळाले. रॉयल सोसायटीचा तो सर्वोच्च सन्मान होय.

या सहकार्यातून १७७६ साली नेपल्समध्ये 'काम्पी फ्लेग्रेई' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. नावाचा अर्थ धगधगती मैदाने. नेपल्सच्या पश्चिमेकडील ज्वालामुखी प्रदेशाचे हे प्राचीन नाव हॅमिल्टनने भोवतालच्या साऱ्या मुलखाला लावले. दोन खंड, इंग्रजी व फ्रेंच असा दुहेरी मजकूर आणि ५४ चित्रे. प्रत्येक प्रतीतील प्रत्येक चित्र हाताने रंगवलेले. साऱ्या खर्चाचा भार हॅमिल्टनने उचलला.

ही चित्रे पाहताना प्रथम डोळ्यांत भरते ती त्यांतील शांतता. उद्रेकाची दृश्ये आहेत, पण निम्म्याहून अधिक चित्रांत काहीच घडत नाही. एखादे पाण्याने भरलेले गोल सरोवर, काठावर गुरे, दूर दोन माणसे. नीट पाहिले की कळते, हे सरोवर म्हणजे विझलेल्या ज्वालामुखीचे मुख आहे. एखाद्या कड्यात राख, दगड आणि माती यांचे पट्टे स्वतंत्र दिसतील असे रंगवले आहेत. अखेरच्या चित्रांत तर नुसते दगड आहेत, फळांच्या चित्रासारखे ओळीने मांडलेले. अनेक दृश्यांत कोपऱ्यात लाल अंगरख्यातील एक माणूस काहीतरी दाखवत उभा असतो आणि निळ्या अंगरख्यातील दुसरा बसून रेखाटत असतो. ते हॅमिल्टन आणि फाब्रिस, असे मानले जाते. इवल्याशा माणसांमुळे डोंगराच्या आकाराचा अंदाजही येतो.

भव्य दृश्यांचीही उणीव नाही. ११ मे १७७१ च्या रात्री हॅमिल्टन राजा फर्डिनंड आणि राणी मारिया कॅरोलिना यांना लाव्हा दाखवायला घेऊन गेला होता. कड्यावरून धबधब्यासारखा कोसळणारा लाव्हा आणि त्याच्या उजेडात उभा असलेला दरबार, हे या ग्रंथातील सर्वांत प्रसिद्ध चित्र. दुसऱ्या एका चित्रात पॉम्पेई येथील इसिसचे मंदिर ज्वालामुखीच्या खड्यांच्या ढिगाऱ्याखालून नुकतेच बाहेर येताना दिसते.

शास्त्राच्या दृष्टीने मात्र सर्वांत मोलाचे चित्र दिसायला अगदी साधे आहे. जुलै ते ऑक्टोबर १७६७ या काळात व्हेसुव्हियसच्या मुखात एक लहान टेकडी वाढत होती. हॅमिल्टनने तिच्या बाह्यरेषा ठरावीक अंतराने टिपून ठेवल्या आणि एकाच पानावर एकाखाली एक मांडल्या. टेकडी हळूहळू मुखाच्या काठाच्या वर डोके काढते, फुगते, शिखराचा आकारच बदलून टाकते आणि त्यानंतर तो ऑक्टोबरचा उद्रेक. पर्वत वाढतो कसा, हे या पानावर कोणालाही पाहता येई.

यातूनच हॅमिल्टनचा मुख्य विचार उभा राहिला. पर्वतात कोठेतरी आग लागते म्हणून ज्वालामुखी होतो, हा समज उलटा आहे. ज्वालामुखीच आपल्या राखेतून आणि लाव्ह्यातून पर्वत रचतो आणि त्या अग्नीचे मूळ शिखरात नसून खोल भूगर्भात असते, असे त्याने मांडले. नेपल्सच्या पश्चिमेला पोझ्झुओलीजवळचा मोंते नुओवो, म्हणजे नवा डोंगर, हा त्याचा आवडता दाखला. १५३८ च्या सप्टेंबरअखेरीस सपाट जमिनीतून हा डोंगर काही दिवसांत उभा राहिला होता. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये सुपीक मातीचा थर सापडतो, याकडेही त्याने लक्ष वेधले. लाव्ह्यावर माती तयार व्हायला किती काळ लागतो, हे ज्याने एटनाच्या उतारावर पाहिले होते, त्याला अशा थरांच्या संख्येवरून पृथ्वीचे वय बायबलच्या हिशेबात बसणारे नाही, हे उमगणे अपरिहार्य होते. हॅमिल्टनने या मुद्द्यावर वाद घातला नाही. त्याने थर रंगवून घेतले. ज्वालामुखी केवळ विनाश करतो हेही त्याला मान्य नव्हते. नेपल्सची विलक्षण सुपीक जमीन त्या राखेचीच देणगी होती.

बेसॉल्ट हा खडक अग्नीतून जन्मला की समुद्राच्या तळाशी साचून तयार झाला, यावर युरोपात त्यानंतरही कित्येक वर्षे कडाक्याचे वाद झाले. सह्याद्रीचे कडे आणि अजिंठा-वेरूळची लेणी ज्या काळ्या दगडात आहेत तो हाच बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. आज शाळेतील मुलालाही ठाऊक असलेली ही गोष्ट तेव्हा सिद्ध व्हायची होती.

१७७९ मध्ये व्हेसुव्हियस पुन्हा खवळला. त्या वर्षी हॅमिल्टन एका इंग्रज पाहुण्यासह वर गेला असता वारा फिरला आणि धूर व उष्णता यांच्या कोंडीत सारे सापडले. वाटाड्या होता बार्तोलोमेओ पुमो. त्याला एकच डोळा होता, म्हणून व्हेसुव्हियसचा सायक्लॉप्स या नावाने तो ओळखला जाई. समोरचा पन्नास-साठ फूट रुंदीचा लाव्ह्याचा प्रवाहच ओलांडावा, असे त्याने सुचवले. प्रवाहावर खंगरांचा जाड थर जमला होता. पुमो पुढे झाला, मागोमाग हे दोघे, आणि वाहत्या लाव्ह्यावरून चालत ते पलीकडे पोहोचले. पाय भाजून निघाले, एवढेच. ऑगस्टमध्ये मुख्य उद्रेक झाला तेव्हा अग्नीचा स्तंभ पर्वताच्या उंचीच्या तिप्पट चढल्याचा हॅमिल्टनचा अंदाज होता. त्याच वर्षी त्याने ग्रंथाची पुरवणी काढली, तीत आणखी पाच चित्रे होती.

आपण रोज पर्वताकडे पाहू शकत नाही, याची जाणीव त्याला होती. म्हणून त्याने अंतोनियो पिआज्जो या धर्मगुरूला वेतन देऊन एक काम सोपवले. हर्क्युलेनियमच्या उत्खननात सापडलेल्या जळक्या गुंडाळ्या उलगडण्याचे यंत्र बनवणारा हा चिकाटीचा माणूस. व्हेसुव्हियसच्या पायथ्याशी राहून १७७९ पासून दीड दशक त्याने पर्वताची रोजनिशी ठेवली, धुराचा रंग आणि आकार यांच्या रेखाटनांसह. तिचे आठ खंड रॉयल सोसायटीच्या संग्रहात आहेत. काही न घडलेल्या दिवसांच्या नोंदींनी त्यातील बरीच पाने भरली आहेत आणि अभ्यासकांना नेमक्या त्याच हव्या असतात.

चित्र स्थिर राहते, लाव्हा तर वाहतो, ही खंतही हॅमिल्टनला होती. पारदर्शक चित्रामागे दिवा आणि फिरती यंत्रणा बसवून लाव्हा वाहत असल्याचा भास घडवणारे उपकरण त्याने योजले होते. त्याचे रेखाटन फ्रान्समधील बोर्दो येथील ग्रंथालयात आहे. त्यावरून मेलबर्न विद्यापीठातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी २०२५ मध्ये ते प्रत्यक्षात उभे केले.

कॅथरीन १७८२ मध्ये वारली. पुढची कथा सर्वश्रुत आहे. भाचा चार्ल्स ग्रेव्हिल याला आपली सहचरी एमा हिच्यापासून सुटका हवी होती. त्याने तिला काही न सांगता नेपल्सला मामाकडे पाठवून दिले, आणि मामाने हा व्यवहार स्वीकारला. यात दोघांचीही शोभा दिसत नाही. १७९१ मध्ये हॅमिल्टनने तिच्याशी रीतसर विवाह केला. तो साठीचा होता, ती पंचविशीच्या आसपास. १७९८ मध्ये नाईलच्या लढाईतील विजयानंतर नेल्सन नेपल्सला आला आणि हॅमिल्टनच्याच घरी उतरला.

त्याआधी, जून १७९४ मध्ये, हॅमिल्टनने आयुष्यातील सर्वांत मोठा उद्रेक पाहिला. तोरे देल ग्रेको हे गाव लाव्ह्याने गिळले आणि प्रवाह समुद्रात शिरला. ६३ वर्षांचा राजदूत होडीतून तो पाहायला गेला. लाव्ह्याभोवतीचे पाणी उकळत होते. होडीच्या तळाचे डांबर वितळून पाण्यावर तरंगू लागले आणि होडीत पाणी शिरू लागले, तेव्हा कोठे तो मागे फिरला. महिनाअखेरीस तो पुन्हा पर्वतावर चढला.

या आयुष्याचा शेवट मात्र काळवंडलेला आहे. डिसेंबर १७९८ मध्ये फ्रेंच फौजा जवळ येताच राजाराणीसह हॅमिल्टन दांपत्यानेही नेल्सनच्या जहाजातून पालेर्मोला पलायन केले. त्याच महिन्यात त्याच्या भांड्यांच्या दुसऱ्या संग्रहातील आठ पेट्या घेऊन निघालेले 'कोलोसस' हे जहाज इंग्लंडजवळ बुडाले. १७९९ च्या जूनमध्ये नेपल्सचे अल्पजीवी प्रजासत्ताक कोसळले. शरण आलेल्यांशी झालेला तह नेल्सनने धुडकावला, तेव्हा हॅमिल्टन त्याच्याच जहाजावर सोबत होता. त्यानंतर जे फासावर गेले त्यांत वनस्पतिशास्त्रज्ञ आणि वैद्य दोमेनिको चिरिल्लो होता. या वर्तुळात त्याची ओळख होती आणि प्राण वाचवण्यासाठी त्याने एमाकडे याचना केली होती. ती निष्फळ ठरली. तीसहून अधिक वर्षे ज्या शहराने त्याला घर दिले आणि ज्याच्या विद्वानांत तो वावरला, त्या शहरासाठी हॅमिल्टनने या वेळी शब्द खर्च केल्याचे दिसत नाही.

१८०० मध्ये त्याला परत बोलावण्यात आले. लंडनमध्ये त्याची वाट पाहत होती ती कुचेष्टा. १८०१ मध्ये व्यंगचित्रकार गिलरेने काढलेल्या चित्रात वाकलेला हॅमिल्टन फुटक्या पुराणवस्तूंकडे टक लावून पाहतो आहे आणि मागच्या भिंतीवर एमा व नेल्सन यांची चित्रे आहेत. शेजारीच आग ओकणारा व्हेसुव्हियसही टांगलेला आहे. पर्वताचीही थट्टाच झाली होती.

६ एप्रिल १८०३ रोजी लंडनमधील घरी हॅमिल्टनचे निधन झाले. उशाशी एमा आणि नेल्सन दोघेही होते. त्याला वेल्समध्ये, स्लेबेक येथे, कॅथरीनच्या शेजारी पुरण्यात आले.

व्हेसुव्हियसवर वेधशाळा आली ती १८४१ मध्ये. पर्वताचा शेवटचा उद्रेक मार्च १९४४ मध्ये झाला. अठराव्या शतकात त्याचे शिखर कोणत्या वर्षी कोणत्या आकाराचे होते, हे ठरवायचे झाले की संशोधक आजही जुनी चित्रे काढून बसतात. व्होलेरची देखणी चित्रे त्यांना बेतानेच वापरावी लागतात. फाब्रिसच्या चित्रांतील रेषा मात्र मोजता येते.